एक पाय जहाजावर

भूमध्य समुद्र मी अजून पाहिलेला नाही. पण मार्सेयच्या बंदरातून बाहेर पडल्यावर बस कुठे मिळते, पालेर्मोच्या बाजारात कुठल्या गल्लीत शिरायचं नाही, नेपल्सहून पाँपेईला जाणाऱ्या छोट्या गाडीत कुठल्या बाजूला बसलं म्हणजे ज्वालामुखी दिसतो, हे मला झोपेतून उठवून विचारा. आमच्या ह्यांचं म्हणणं असं, की मी कराडची माणसं विसरले पण इटलीचे टॅक्सी स्टँड विसरले नाही. खरं आहे. कराडची माणसं मला फोन करून 'आता कुठे वळायचं' असं विचारत नाहीत.

बहारीनला हूरामध्ये आमचं ट्रॅव्हल ऑफिस आहे. खाली ज्यूसचं दुकान, वर आम्ही. त्यामुळे आमच्याकडचे सगळे कागद अॅव्होकाडो आणि मधाच्या वासाचे. मालक बू यूसुफ, इथलेच बहारीनी, वयाने वडीलधारे, आणि हिंदी बोलण्याची हौस दांडगी. मी नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आले, तिकिटं काढायला बसले, आणि कधी कुणास ठाऊक क्रूझवाल्या बाई झाले.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. क्रूझचं जहाज म्हणजे तरंगतं हॉटेल. रात्री चालतं, सकाळी एखाद्या बंदराला लागतं, संध्याकाळी सुटतं. दिवसभर उतरून गाव बघायचं. जहाजवाल्यांच्या स्वतःच्या सहली असतात, पण त्यात छातीवर नंबराचा कागद चिकटवून एका बाईच्या छत्रीमागे चालावं लागतं. आपल्या माणसाला हे मानवत नाही. 'ताई, आपला हात जगन्नाथ. आपलं आपण बघू, तुम्ही फक्त आखून द्या.' हे आखून देणं म्हणजे माझं काम. बंदरातून बाहेर कसं पडायचं, काय बघायचं, काय सोडायचं, जेवायला काय मागायचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, परत कधी फिरायचं.

यात एक मेख आहे. जहाजवाल्यांच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं. तुमच्या तुम्ही गेलात आणि उशीर झाला तर ते तुमच्या कपड्यांच्या बॅगा घेऊन पुढच्या गावी जातं. म्हणून माझ्या प्रत्येक कागदावर पहिली ओळ जाड अक्षरात असते : जहाज थांबत नाही. गिऱ्हाईक ती वाचतं, मान डोलावतं आणि विचारतं, 'पण दोन मिनिटं तर थांबेल ना?'

या प्रश्नाला उत्तर नाही, कारण तो विचारणारा माणूस बहुधा कोकणातला असतो. त्याच्या गावची एस्टी थांबते. आई परड्यात आंबे काढायला गेली आहे म्हटलं की कंडक्टर 'कुठल्या कलमाचे?' असं विचारून खाली उतरतो. सीटवर रुमाल टाकला की सीट आपली आणि पायरीवर एक पाय ठेवला की गाडी आपली, हा कायदा त्यांनी जन्मापासून पाळलेला. त्यांना मी कागदावर जाड अक्षरात काय लिहिणार? पालथ्या घड्यावर पाणी.

नमुने तर एकेक. इथल्याच अराद भागातले एक गृहस्थ बार्सिलोनाला ज्या टॅक्सीतून फिरले तो ड्रायव्हर त्यांना फार आवडला. त्यांनी तिथूनच फोन केला, 'हाच पाठवा पुढच्या बंदरावर. माणूस विश्वासाचा आहे.' मी म्हटलं, पुढचं बंदर दुसऱ्या देशात आहे. तर म्हणाले, 'मग त्याला आज रात्रीच निघायला सांगा.' बहारीनमध्ये प्रत्येकाचा एक ठरलेला ड्रायव्हर असतो, तो विमानतळावर नेतो, बाळंतपणाला नेतो, त्याला सोडून दुसऱ्याच्या गाडीत बसणं म्हणजे बेइमानी. त्यांचं चुकलं असं मला अजून म्हणवत नाही. दुसऱ्या एक बाई होत्या, त्यांची अट एकच. जहाजावर कपडे वाळत घालू देत नाहीत, तेव्हा प्रत्येक बंदरावर ऊन लागेल अशी जागा बघून द्या. मी दिली. रोमच्या एका बागेत त्यांचं कुटुंब दिवसभर वाळणाऱ्या परकरांची राखण करत बसलं आणि परत आल्यावर त्यांनी मला पेढे दिले.

पण आज सांगायची आहे ती परबकाकांची गोष्ट.

भिकाजी परब. कुडाळकडचे. इथे हिद्दला जहाजं दुरुस्त करायच्या गोदीत तीस वर्षं फिटर. कंपनीच्या कॅम्पात एका खोलीत चौघं, वर्षाला एक रजा, आणि काकी कायम गावी. काका आता निवृत्त होणार होते. व्हिसा रद्द, की बहारीनशी संबंध खलास. त्यांची भाची प्रणाली आणि तिचा नवरा मंदार इथेच सीफला राहतात, दोघं मोठ्या ऑफिसात. त्यांनी ठरवलं, मामा-मामींना क्रूझवर न्यायचं. इथल्या मराठी मंडळातली आणखी तीन कुटुंबं तयार झाली. काकी त्यासाठी गावाहून आल्या.

सगळे माझ्याकडे आले तेव्हा मंदारने लॅपटॉप उघडला. त्यात त्याने प्रत्येक बंदराचा तक्ता केला होता, हिरव्या-पिवळ्या रंगांत. मी तो बंद करायला लावला. मग सगळ्यांना विचारलं, तुम्हाला काय काय बघायचंय? कुणाला चर्च, कुणाला फुटबॉलचं मैदान, मुलांना पिझ्झा. मी म्हटलं, काका, तुम्हाला?

काका म्हणाले, "माका काय बघूचा नाय, ताईनू. जहाजा खूप बघलंय, खालसून. फक्त येक करा. आमका दोगांका येकाच गाडयेत बसवा."

मला कळेना. प्रणालीने सांगितलं. लग्नाची वरात सोडली तर दोघांनी एकत्र प्रवास असा केलाच नव्हता. रजा संपली की काका जायचे, काकी सोडायला यायच्या. मंडळाच्या सहलीला पुरुष एका गाडीत, बायका दुसऱ्या. "तेवडाच बगा," काका म्हणाले आणि काकींनी पदराने उगाच चष्मा पुसला. मी कागदावर लिहिलं : परब, दोघं, एक गाडी. इतकी सोपी मागणी या धंद्यात मला कुणी केली नव्हती.

माणसं वेळेवर परत येतात की नाही हे बघायला मी रंगीत तालीम घेते. लोक हसतात, हसू देत. एका शुक्रवारी सकाळी सगळ्यांना अरादला नेलं. आमची मिनीबस म्हणजे जहाज. अरादचा किल्ला म्हणजे पाँपेई. किनाऱ्याचा रस्ता म्हणजे नेपल्सचा बाजार. ठरलेल्या वेळी बस सुटणार, जो राहील त्याने घरी आपल्या पैशाने जावं. आमचा ड्रायव्हर कुंजुमोन, केरळचा, त्याला बजावून ठेवलं होतं : कुणीही असो, थांबायचं नाही.

वेळ झाली. आले फक्त परबकाका. बाकी सगळे पाँपेईच्या फाटकाशी करक, म्हणजे इथला दाट दुधाचा चहा, पीत उभे होते, कारण चहा नुकताच हातात आला होता. मी म्हटलं, कुंजुमोन, यल्ला, चल. बस हलेना. बघते तर काकांनी एक पाय पायरीवर ठेवला होता, दुसरा जमिनीवर, आणि दांडीला धरून ते शांत उभे.

"काका, आत या नाहीतर उतरा."

"दोन मिन्टां. ती लोका येतत."

"कुंजुमोन, चलो ना!"

"मॅडम, दरवाजा बंद नहीं होता तो गाडी कैसे जायेगा?"

चहाचे पेले हातात घेऊन मंडळी सावकाश आली. मंदारने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. "ताई, थांबली की!" तालमीतून जे शिकायचं होतं त्याच्या बरोबर उलटं सगळे शिकले. त्या दिवसापासून काका मंडळाचे द्वारपाल झाले. मी घसा कोरडा करून सांगितलं, की ती मिनीबस आहे, जहाजाचं दार तसं नसतं. ऐकतो कोण?

जहाज बार्सिलोनाहून सुटलं. मार्सेयला काकांनी पाय ठेवला आणि सगळे वेळेवर परतले. पालेर्मोलाही तेच. खरं तर दोन्हीकडे मी आखलेल्या वेळेत मंडळी आली होती, पाय ठेवला काय आणि न ठेवला काय. पण श्रेय पायाला. प्रणालीचा मला निरोप आला, मामांच्या पायाला यश आहे. जहाजाच्या दारावर फर्नांडिस म्हणून गोव्याचा रखवालदार होता, त्याने पहिल्या दिवशी काकांना आत ढकलायचा प्रयत्न केला, मग दोघांचं एकमेकांच्या गावच्या माशांवर बोलणं झालं, आणि त्याने काकांना बसायला स्टूल आणून दिलं. काका बसले नाहीत. बसून पाय कसा ठेवणार?

मला याचा राग यायला लागला होता. ज्या माणसाने फक्त बायकोबरोबर एका गाडीत बसायचं मागितलं, तो दिवसभर जहाजाच्या दारात आणि बायको मंडळाबरोबर गावात. मी मंदारला फोनवर झापलं. तो म्हणाला, "ताई, मामा स्वतःच म्हणतात, मी राहतो." ते म्हणणारच. तीस वर्षं त्यांनी दुसरं काय केलं होतं? घरच्यांनी पुढे जावं, आपण दारात उभं राहावं. मी मंदारला सांगितलं, नेपल्सला काकांना ओढून ने. त्याने ओढलं. काका म्हणाले, "माका नको ते पडके दगड. मी हंयच रवतंय."

पाँपेईला काकींना एक गोष्ट फार आवडली. तिथे जुन्या काळच्या भट्ट्या आहेत आणि बाहेर दगडाची मोठाली जाती, माणसाच्या कमरेइतकी. काकी तिथून हलेनात. प्रणालीने त्यांचा फोटो मला पाठवला, जात्यावर हात ठेवून उभ्या आणि चेहऱ्यावर चौकशी. वाटाड्याने राजे-रजवाड्यांचं सांगितलं, काकींनी एकच विचारलं, ह्याचा खुंटा कुठे गेला. उत्तर मिळालं नाही म्हणून त्या थोड्या नाराज होत्या.

परत येताना बंदराच्या वाटेवर एका गाड्यावर लिंबं दिसली. तिकडची लिंबं पपनसाएवढी. काकींचे पाय थबकले. त्यांनी प्रणालीला सांगितलं, "तुमी चला फुडे, मी येतंय मागसून. चार लोणच्याक घेतंय." प्रणालीही निघाली, कारण वेळ झाली तरी मामा दारात होतेच. सगळे धावत जहाजावर चढले. एकेकाने जाताना काकांच्या खांद्यावर थाप मारली. आत जाऊन सगळे शांत झाले आणि तेव्हा मंदारने विचारलं, "मामी?"

त्याचा मुलगा म्हणाला, "शी सेड शी इज कमिंग."

इकडे आमच्याकडे ऑफिस बंद करायची वेळ. बू यूसुफ गल्ल्याला कुलूप लावत होते आणि मंदारचा व्हिडिओ कॉल आला. तो वरच्या डेकवरून खाली कॅमेरा धरून ओरडत होता. मला दिसलं ते असं. खाली धक्का. जहाजाच्या दाराला लावलेला उतरता पूल. त्या पुलावर काकांचा एक पाय आणि धक्क्यावर दुसरा. आणि लांब, धक्क्याच्या पार टोकाला, गुलाबी नऊवारीत एक बाई, दोन्ही हातांत पिशव्या, चालत येतेय. चालत! देवळातून घरी यावं तशी.

"पळायला सांग त्यांना!" मी किंचाळले.

"सांगतोय! ऐकतच नाहीत!"

नंतर काकींना मी विचारलं, का नाही पळालात? त्या म्हणाल्या, "हे आसत मा थंय पाय देऊन. मगे कित्याक धावू?" बाई गाड्यापाशी सुटे पैसे मोजून घेऊन, पिशवीची गाठ मारून, निघाल्या होत्या. नवऱ्याने जहाज धरून ठेवलंय म्हटल्यावर घाई कसली?

पुलाजवळ फर्नांडिस हातघाईवर आला होता. मंदारने फोन झूम केला. शब्द ऐकू येत नव्हते, पण ते मला पुढे फर्नांडिसनेच सांगितले, म्हणजे मंदारमार्फत. "काका, भितर येयात! ही एस्टी न्हय! कप्तान माका खातलो!"

"माजी बायल येता हा. दोन मिन्टां."

"काका, भितर नाजाल्यार भायर. पूल वयर वता!"

आत किंवा बाहेर. बू यूसुफ माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले होते. त्यांना एवढंच कळलं, की एक म्हातारा जहाज अडवून उभा आहे. "उज्ज्वला," ते म्हणाले, "ये लोग जहाज को टॅक्सी समझता है क्या?"

काकांनी आत पाहिलं. बाहेर पाहिलं. काकी अजून लांब होत्या. मग काकांनी पुलावरचा पाय उचलला आणि खाली धक्क्यावर ठेवला. दुसऱ्या पायाशेजारी, नीट जोडून.

पूल वर गेला. दार लागलं. मंदार "मामा! मामा!" असं ओरडत होता आणि मागे आमच्या मंडळाच्या बायका रडत होत्या. भोंगा वाजला. मी जन्मात पहिल्यांदा भूमध्य समुद्रावरच्या जहाजाचा भोंगा ऐकला आणि तो अशा वेळी. काकी पोचल्या, त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या, आणि दोघं जहाजाकडे बघत उभी राहिली. मग कॅमेरा हलला आणि मला फक्त आभाळ दिसलं. परका देश, भाषा येत नाही, जवळ बॅग नाही, आणि दोघांची वयं मिळून सव्वाशेच्या वर.

थोड्या वेळाने काकांचा फोन आला. अगदी शांत. "ताईनू, जहाज गेला. आता फुडला सांगा."

एक बरं होतं. माझा नियम असा, की पासपोर्ट, औषधं आणि थोडे पैसे गळ्यातल्या पिशवीत, आणि ती पिशवी आंघोळीलासुद्धा काढायची नाही. हा एकच नियम काकींनी अक्षरशः पाळला होता. मी म्हटलं, काका, जहाज उद्या सकाळी लिव्होर्नोला लागतं. तिथे रेल्वे जाते. तुम्ही आधी स्टेशन गाठा. पण स्टेशन कुठे, हे विचारायचं कुणाला? काकांना मराठी येते, कामापुरती हिंदी, आणि तीस वर्षांची गोदीतली मोडकी अरबी. ते म्हणाले, "थांबा, हंय येक रफीक आसा."

धक्क्याबाहेर छत्र्या विकणारा एक मोरोक्कोचा पोरगा होता. काकांनी त्याला अरबीत विचारलं, "रफीक, महत्ता वेन?" म्हणजे दोस्ता, स्टेशन कुठे? पोरगा थक्क. इटलीत, धोतरातला माणूस, बरोबर नऊवारी, आणि तोंडात अरबी. नीट काम व्हावं म्हणून मी फोन बू यूसुफांना दिला. ते मोठ्या ऐटीत बोलायला लागले. पलीकडून तो पोरगा बोलला. बू यूसुफ थांबले. पुन्हा बोलले. पुन्हा थांबले. मग फोन माझ्या हातात देऊन म्हणाले, "उसका अरबी मेरे को मालूम नहीं पडता. तुम्हारा काका को बोलो, वो ठीक बोलता है." तात्पर्य, गोदीतली अरबी सगळ्यांना कळते, कारण ती कुणाचीच नाही.

त्या पोराने छत्र्या शेजाऱ्याच्या ताब्यात दिल्या आणि दोघांना स्टेशनपर्यंत नेऊन सोडलं. काकींनी त्याला एक लिंबू दिलं. तिकिटं मी इथून काढली. काढताना शेजारशेजारच्या सीटा मागितल्या आणि मग माझी बोटं थांबली. परब, दोघं, एक गाडी. मला एकदम रडू आलं. बू यूसुफ घाबरले. त्यांना वाटलं, आणखी कुणी तरी राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जहाज लिव्होर्नोला लागलं तेव्हा धक्क्यावर ही जोडी आधीच येऊन बसली होती. मंदारने वरून पाहिलं, तर काका चहासारखं काहीतरी पीत होते आणि काकी लिंबं पुसत होत्या. दार उघडून फर्नांडिस बाहेर आला. काका त्याला म्हणाले, "उशीर केलंस रे." मंडळाने टाळ्या वाजवल्या. त्यानंतरच्या बंदरावर काकांना दारात उभं राहायला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी ते ऐकणार नव्हते. दोघं उतरायची आणि बाकीच्यांना न सांगता कुठल्या तरी बसमध्ये चढायची. माझ्या कागदात त्या बसचा उल्लेखच नव्हता. शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं आणि त्याच बसने परत यायचं. काय बघितलंत, असं प्रणालीने विचारलं, तर म्हणाले, बस बरी होती.

गावी जाण्याआधी दोघं मला भेटायला ऑफिसात आली. काकांचा व्हिसा रद्द झाला होता, सामान बांधून झालं होतं. काकींनी लोणच्याची बरणी माझ्यापुढे ठेवली. अजून मुरायचं आहे, उन्हात ठेव, म्हणाल्या. काका खाली बू यूसुफांबरोबर ज्यूस प्यायला गेले होते. मी संधी साधून म्हटलं, काकी, मला माफ करा. तुम्ही फक्त एक गोष्ट मागितली होती आणि तुमचा निम्मा वेळ काका दारात आणि तुम्ही बाहेर असा गेला. वर नेपल्सला ते संकट.

"संकट कसला?" काकी म्हणाल्या. मग जरा वेळ त्या बरणीचं झाकण उगाच घट्ट करत राहिल्या. "दरवर्सा रजा संपली की मी ह्यांका सोडूक कुडाळच्या स्टँडार जायचंय. गाडी सुटायची, हे खिडकेतसून हात हालवायचे, आनि मी खाली. तीस वर्सां. घराक येऊन जेवाण जायचा नाय. थंय त्या धक्क्यार माका दिसला, गाडी सुटली. मी म्हटलंय, झाला, गेले. मगे बघतंय तर हे खालीच. माझ्या वांगडा."

खालून काका हाक मारत होते, टॅक्सी आली म्हणून. काकी उठल्या, पदर सारखा केला, आणि सावकाश जिना उतरायला लागल्या. त्यांना घाई नव्हती. खिडकीतून मी वाकून पाहिलं. टॅक्सीचं मागचं दार उघडं होतं, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, आणि काका एक पाय आत, एक पाय रस्त्यावर ठेवून उभे होते.